किरणोत्सर्ग आणि फुलझाडे



वसंत ऋतूत फुलांवर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा रंगाची आणि गंधाची असते. आम्ही मात्र आज फुलांच्या जोडीला अणूचे किरण घेऊन आलो आहोत. अणू म्हटला की हिरोशिमा आणि नागासाकी डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि जिथे गवताची काडी उरली नाही असे आपण ऐकले, तिथल्या शक्तीचा गुलाबाशी आणि शेवंतीशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. संबंध आहे, तो जवळचा आहे, आणि जालन्यासारख्या गावात तो समजून घेण्याचे विशेष कारणही आहे.

'जालना सोने का पालना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. अलीकडच्या काळात या पाळण्यात सोन्याऐवजी बियाणे वाढले. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज बियाणे म्हटले की देशात जालन्याचे नाव निघते. दुसरीकडे, याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात त्या बागांचे काय झाले हे अंबड-घनसावंगीकडच्या मंडळींना आम्ही सांगावयास नको. बारा-पंधरा वर्षे जोपासलेले झाड पाण्यावाचून जळाले म्हणजे माणूस चार महिन्यांच्या पिकाकडे वळतो. विहिरीला जेवढे पाणी आहे तेवढ्यात दहा-वीस गुंठे झेंडू, शेवंती, गलांडा किंवा निशिगंध लावतो, आणि दसरा-दिवाळीच्या बाजारावर वर्षाची भिस्त ठेवतो.

अशा शेतकऱ्याच्या कानावर किरणांविषयी दोन तऱ्हेची बोलणी पडतात. एक म्हणतो, किरण दिलेले बियाणे टाका, दुप्पट फूल येईल. दुसरा म्हणतो, किरण लागलेल्या झाडाचे फूल देवालाही वाहू नये, ते विषारी. पहिल्याचे ऐकले तर पैसा जातो, दुसऱ्याचे ऐकले तर संधी जाते. या दोहोंमधले खरे किती आणि खोटे किती, हे आज आपण पाहू.

प्रथम किरण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कोबाल्ट नावाचा धातू आहे. त्याचा एक किरणोत्सर्गी प्रकार अणुभट्टीत तयार करतात. त्याला कोबाल्ट-६० म्हणतात. त्यातून गॅमा किरण सतत बाहेर पडतात आणि सुमारे सव्वापाच वर्षांत त्याचा जोर निम्मा होतो. हे किरण प्रकाशाच्याच जातीचे, परंतु फार भेदक. झाडाच्या पेशीत ते शिरले की पेशीतल्या पाण्याच्या रेणूंची मोडतोड करतात. त्यातून जे अतिशय चपळ तुकडे निर्माण होतात ते पेशीकेंद्रातल्या गुणसूत्रांवर आघात करतात. काही वेळा किरणांचा आघात थेट गुणसूत्रावरच होतो. या गुणसूत्रांतच झाडाची सारी कुळकथा लिहिलेली असते: उंची किती, पान कसे, फूल केव्हा, रंग कोणता.

पेशी आघात झाल्यावर स्वस्थ बसत नाही. ती तुटलेले धागे जोडावयास लागते. बहुतेक तुटी बिनचूक जुळतात. काही जुळतच नाहीत आणि ती पेशी मरते. आणि थोड्या तुटी चुकीच्या जुळतात. एखादे अक्षर गळते, एखादे उलटे बसते. पेशी जिवंत राहते, पण तिच्या कुळकथेतला एक शब्द बदललेला असतो. यालाच शास्त्रात उत्परिवर्तन म्हणतात. पुढचे सारे व्याख्यान या तीन शक्यतांचेच आहे: बरे होणे, मरणे आणि बदलणे.

क्ष-किरणांनी असा बदल घडविता येतो हे १९२७ साली हर्मन मुलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने फळमाशीवर दाखवून दिले, आणि त्याबद्दल १९४६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९२८ साली स्टॅडलरने हेच सातू आणि मक्यात सिद्ध केले. फुलांचे नाव घ्यावयाचे तर हॉलंडातल्या द मोल या संशोधकाने ट्यूलिपच्या कंदांना क्ष-किरण देऊन नव्या जाती मिळविल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ब्रुकहेवन येथे मोकळ्या शेताच्या मध्यभागी कोबाल्टचा खांब उभारून भोवती वर्तुळाकार रोपे लावण्याची पद्धत निघाली. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास अशीच गॅमा बाग झाली. मुंबईजवळ तुर्भे येथे १९५४ साली अणुशक्ती केंद्र स्थापन झाले. १९६७ पासून ते भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखले जाते. तिथेही वनस्पतींवर हे काम सुरू झाले आणि ते आजही चालू आहे.

गॅमा बागेचे चित्र डोळ्यांपुढे आणले तर किरणांचा वाढीवर होणारा परिणाम एका दृष्टिक्षेपात समजतो. खांबाच्या अगदी जवळची रोपे मेलेली. त्यापुढच्या वर्तुळात रोपे जिवंत, पण खुरटलेली आणि वेडीवाकडी. त्यापुढे झाडे बरी वाढलेली, मात्र पानाफुलांत कुठे कुठे विचित्रपणा. आणि सर्वांत बाहेर झाडे इतर झाडांसारखीच. किरण एकच, रोप एकच. फरक केवळ मात्रेचा. औषध आणि विष यांत मात्रेचाच भेद असतो असे आपले वैद्य म्हणत आले आहेत. ते इथे अक्षरशः लागू पडते.

ही मात्रा मोजण्याचे माप 'ग्रे' या नावाचे आहे. माणसाच्या सबंध शरीरावर एकदम चार-पाच ग्रे किरण पडले आणि उपचार मिळाले नाहीत तर जगण्याची आशा निम्मी उरते. शेवंतीच्या मूळ फुटलेल्या छाटांना पंधरा ते पंचवीस ग्रे देतात, आणि तरी त्यांतल्या बऱ्याच जगतात. गुलाबाच्या डोळकाड्या त्याहून काहीशी अधिक मात्रा सोसतात. झेंडूचे वाळलेले बी तर शेकडो ग्रे सहन करते. एकाच झाडाचे वाळके बी आणि ओली फांदी यांच्या सहनशक्तीत एवढे अंतर का? फांदीतल्या पेशी पाण्याने भरलेल्या आणि सतत विभागत असतात. बियातल्या पेशी कोरड्या आणि निद्रिस्त असतात. ज्या पेशीला लगेच दोन व्हावयाचे आहे तिला तुटलेले गुणसूत्र अधिक महागात पडते.

झाडाझाडांतही फरक आहे. ब्रुकहेवनच्या आर्नोल्ड स्पॅरो या शास्त्रज्ञाने अनेक वनस्पती तपासून एक सूत्र मांडले: ज्यांच्या पेशीकेंद्रातली गुणसूत्रे आकाराने मोठी, त्या किरणांना लवकर बळी पडतात. लिली आणि पाइन अशा नाजूक गटातल्या. १९८६ साली एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा जवळचे पाइनचे रान तांबूस होऊन मेले, पण त्यातली बर्चची झाडे पुष्कळ तगली. ज्या वनस्पतीत गुणसूत्रांचे एकाहून अधिक जोड असतात तीही अधिक सोशीक; एक प्रत फाटली तर दुसरी कामास येते. आपल्या शेवंतीत नऊ-नऊ गुणसूत्रांचे सहा संच, म्हणजे सुमारे चोपन्न गुणसूत्रे असतात.

आता वाढीवरचे परिणाम क्रमाने पाहू. किरण दिलेल्या छाटांचा किंवा डोळ्यांचा फुटवा उशिरा येतो. काही फुटतच नाहीत. जी फुटतात त्यांची उंची कमी राहते. पाने सुरकुततात, कडा दातरल्यासारख्या होतात, कधी दोन पाने एकमेकांस चिकटून येतात. हिरव्या पानावर पांढरे किंवा पिवळे पट्टे उमटतात, कारण त्या भागातल्या पेशींची हरितद्रव्य बनविण्याची शक्ती गेलेली असते. वाढीचा रस, ज्याला ऑक्सिन म्हणतात, तो शेंड्यात कमी तयार होतो. शेंड्याचा बाजूच्या डोळ्यांवरचा वचक सुटतो आणि झाड उंच जाण्याऐवजी झुडपासारखे पसरते. यांतले बरेचसे परिणाम त्याच पिढीपुरते असतात. आजारातून उठलेला माणूस जसा दोन महिने अशक्त राहतो आणि मग सावरतो, तसे ते झाडही पुढे सावरते. हा अशक्तपणा आणि कुळकथेतला कायमचा बदल या दोहोंतला भेद ओळखणे हेच या कामातले मर्म आहे.

कोणी विचारील की, अगदी थोडी मात्रा दिली तर झाड उलट जोमाने वाढते असे म्हणतात, त्याचे काय? काही प्रयोगांत कमी मात्रेने उगवण किंवा वाढ किंचित वाढलेली दिसली आहे, हे खरे. परंतु तोच प्रयोग दुसऱ्या जातीवर किंवा दुसऱ्या हंगामात केला तर तेच फळ मिळेल याचा भरवसा नाही. 'किरण दिले की दुप्पट फूल' हे बोलणे याच कच्च्या पायावर उभे आहे. ज्या परिणामाची पुनरावृत्ती होत नाही त्यावर शेत पेरता येत नाही.

फुलण्यावरचा परिणाम आमच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. किरण दिलेली झाडे बहुधा उशिरा फुलतात. शेवंती हे दिवस लहान होत गेले की कळी धरणारे झाड. श्रावण-भाद्रपद सरता सरता रात्र वाढू लागते आणि तिला फुलण्याची सूचना मिळते. किरणांनी वाढच खुंटली तर सूचना मिळूनही कळी धरावयास वेळ लागतो. झेंडू पंधरा दिवस उशिरा आला तर दसऱ्याच्या तोरणात त्याला जागा नाही, आणि दसऱ्याचा भाव दुसऱ्या दिवशी टिकत नाही हे बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून किरण दिलेले पहिलेच पीक विकावयाच्या हेतूने कधी लावू नये. ते पीक शोधण्यासाठी असते. त्या शोधातून लवकर फुलणारे झाड सापडले आणि पुढील पिढ्यांत ते तसेच लवकर फुलत राहिले, तर मात्र दसऱ्याचे गणित जुळविता येते.

फुलाच्या आकारातही फरक पडतो. पाकळ्या नळीसारख्या होतात, फूल एका अंगाला झुकते, दोन फुले एकत्र जुळतात, देठ चपटा होऊन फूल पट्टीसारखे लांबते. हा शेवटचा प्रकार आपणांस अगदी परिचित आहे. आपल्या अंगणातला कोंबडा नावाचा फुलझाडाचा प्रकार पाहा. त्याचा तुरा तसाच पसरट असतो, आणि त्याला कोणी किरण दिलेले नसतात. २०१५ साली जपानातल्या चपट्या, जोडलेल्या डेझीची छायाचित्रे जगभर पसरली आणि फुकुशिमाच्या २०११ च्या अपघाताचा तो परिणाम असल्याची हाकाटी झाली. वस्तुतः अशी फुले जगात सर्वत्र, कीड, जखम, जंतू किंवा निसर्गाचीच एखादी लहर यांमुळे उमलतात. विचित्र फूल दिसले की किरणांचा आळ घेणे न्यायाचे नव्हे.

सर्वांत मनोरंजक भाग रंगाचा आहे. किरण नवी वस्तू घडवीत नाहीत. जे आहे ते बहुधा बिघडवितात. मग बिघाडातून नवा रंग कसा निघतो? गुलाबी शेवंतीत पाकळ्यांचा लाल-जांभळा रंग बनविण्याची एक साखळी असते. तिचा एक दुवा तुटला की गुलाबी गेले आणि पांढरे उरले. खाली पिवळे द्रव्य दडलेले असेल तर पिवळे किंवा तपकिरी फूल दिसते. म्हणून गुलाबी शेवंती ही या कामाला फार सोयीची. तिच्यापासून कितीतरी छटा मिळतात. आता कोणी म्हणेल, पांढरी शेवंती पिवळी होते ती कशी? तिथे तर रंग वाढला! याचा उलगडा २००६ साली जपानी संशोधकांनी केला. पांढऱ्या शेवंतीच्या पाकळीतही पिवळे द्रव्य तयार होत असते, परंतु एक पाचक द्रव्य ते लगोलग खाऊन टाकते. ज्या पेशीत ते पाचक द्रव्य बनविण्याची शक्ती नष्ट झाली, तिथे पिवळेपणा शिल्लक राहिला. घरातला उधळ्या माणूस गेला म्हणजे घरात पैसा दिसू लागतो, तसेच हे.

यावरून या पद्धतीची मर्यादाही ध्यानात येईल. निळा गुलाब किरणांनी मिळणार नाही, कारण निळे द्रव्य बनविणारा जनुकच गुलाबात नाही. नसलेली वस्तू बिघडविणार कशी? जपानातल्या कंपनीने जो निळसर गुलाब २००९ साली बाजारात आणला तो दुसऱ्या वनस्पतीचा जनुक त्यात घालून. किरणांची पद्धत ती नव्हे. इथे बाहेरून काही येत नाही.

बदललेला रंग दिसला म्हणून काम संपत नाही. खरे कष्ट तिथून सुरू होतात. झाडाच्या शेंड्यात पेशींचे थर असतात, एकावर एक. किरणांचा बदल त्यांतल्या एखाद्याच पेशीत होतो. त्या पेशीची संतती जेवढ्या भागात पसरेल तेवढाच भाग नवा, बाकीचा जुना. म्हणून एकाच शेवंतीच्या फुलात तीन पाकळ्या पिवळ्या आणि बाकीच्या गुलाबी असे दृश्य दिसते. असे दुहेरी झाड पाहावयास गमतीचे, पण त्याच्या काश्या लावल्या तर काही गुलाबी येतील, काही पिवळ्या, आणि काही कालांतराने जुन्याच होतील. ज्या फांदीवर नवा रंग आला ती राखावयाची, बाकी छाटावयाची, तिच्या डोळ्यांपासून पुन्हा रोपे करावयाची, पुन्हा निवडावयाची. तीन-चार वेळा हे केल्यावर सबंध नव्या रंगाचे झाड हाती येते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने याहून पुढचा मार्ग काढला: बदललेली ती एकच पाकळी काचेच्या नळीत, पोषक द्रव्यावर ठेवून तिच्यापासून संपूर्ण रोप वाढविणे. म्हणजे दुहेरीपणाचा प्रश्नच मुळातून सुटला.

याच लखनौच्या संस्थेने शेवंतीच्या पुष्कळ नव्या जाती गॅमा किरणांतून मिळविल्या. आपल्या लग्नमंडपात आणि हारांत असणाऱ्या निशिगंधाच्या दोन जातींचा तर मुद्दाम उल्लेख करावयास हवा. एकेरी फुलाच्या निशिगंधापासून 'रजत रेखा' निघाली; तिच्या पानांवर रुपेरी रेघा असतात. दुहेरी फुलाच्या निशिगंधापासून 'स्वर्ण रेखा' निघाली. तिच्या पानांच्या कडा सोनेरी असतात. फुले नसताही कुंडीत शोभावे असे हे झाड झाले. दिल्लीच्या संस्थेतून १९७५ साली उत्परिवर्तनाने मिळालेले 'अभिसारिका' आणि 'पुसा ख्रिस्तिना' हे गुलाब बाहेर पडले. पहिला 'किस ऑफ फायर' या जातीपासून, दुसरा 'ख्रिश्चन डायोर' या जातीपासून. या साऱ्या झाडांत एक साम्य आहे. शेवंती, गुलाब, निशिगंध ही काश्या, डोळा किंवा कंद यांनी वाढतात. बियाण्याची भानगड नसल्यामुळे एकदा मिळालेला गुण जसाच्या तसा लाखो रोपांत उतरविता येतो.

झेंडूचे तसे नाही. तो बियापासून येतो आणि त्यात शेजारच्या झाडाचे पराग सहज मिसळतात. किरण दिलेल्या बियाच्या पहिल्या पिढीत बदल बहुधा दडून बसतो. त्या झाडाच्या फुलांना पिशव्या बांधून, बाहेरचे पराग रोखून बी धरावे लागते, आणि दुसऱ्या पिढीत दडलेला गुण चारांत एखाद्या झाडावर प्रकट होतो. पहिल्याच वर्षी काही दिसले नाही म्हणून शेत मोडणारा माणूस नेमका लाभाच्या तोंडाशी माघार घेतो.

किती झाडे लावावी लागतात याचाही हिशेब सांगतो. समजा, आपणांस हवा तो गुण हजारांत एका झाडावर येण्याचा संभव आहे. मग शंभर झाडे लावली तर तो दिसण्याची आशा दहांत एकाहूनही किंचित कमी. तीन हजार झाडे लावली तर मात्र शंभरांत पंच्याण्णव वेळा तो एकदा तरी दिसेल. इंग्लंडात १९५९ साली म्युरिएल हॉवर्थ नावाच्या बाईंनी 'अणु-बागकाम' मंडळ काढले आणि हौशी माळ्यांना किरण दिलेले बियाणे वाटले. उत्साह अपार होता. परंतु घरामागच्या वाफ्यात दहा-वीस रोपे लावून असे दुर्मीळ गुण सापडत नाहीत, आणि सापडले तरी नोंदीवाचून टिकत नाहीत. थोड्या वर्षांत ती चळवळ ओसरली. हौसेला संख्येची आणि शिस्तीची जोड लागते, हा तिचा धडा आपण घ्यावा.

आता दुसऱ्या बोलण्याकडे वळू. किरण दिलेले झाड स्वतः किरणोत्सर्गी होते काय? कोबाल्टच्या गॅमा किरणांनी होत नाही. दिव्याच्या उजेडात ठेवलेले पुस्तक दिवा मालवल्यावर चमकत राहत नाही, त्याप्रमाणेच हे. किरण झाडातून पार होतात आणि जातात. मागे उरतो तो केवळ गुणसूत्रातला बदल, आणि असे बदल निसर्गात किरणांवाचूनही घडत असतात. गुलाबाच्या झाडावर एखादी फांदी वेगळ्या रंगाची फुटते, मोसंबीच्या बागेत एखाद्या फांदीला निराळे फळ लागते, हे बागाईतदारांनी पाहिलेले असेल. माती, खडक आणि आकाश यांतून थोडे किरण सर्वांच्याच अंगावर पडत असतात. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटच्या वाळूत ते अधिक, आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात त्याहून पुष्कळ कमी. किरण दिलेल्या झाडाचे फूल देवाला वाहावयास काहीच हरकत नाही.

भीती बाळगावयाची ती किरणांच्या उगमाची. कोबाल्ट शिशाच्या जाड पेटीत बंद असते आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीवाचून ते कोणालाही वापरता येत नाही. हे काम गोठ्यात किंवा शेडमध्ये करावयाचे नव्हे. शेतकऱ्याने किरण द्यावयाचे नसतात. किरण देऊन आणलेल्या छाटांमधून निवड करावयाची असते. आणि इथेच एक झाड माणसाच्या रक्षणाच्या कामीही आले आहे. कुंडीत लोंबणारी ट्रॅडेस्कँशिया आपण पुष्कळ घरांत पाहतो. तिच्या काही प्रकारांत पुंकेसरावरचे बारीक केस निळे असतात. त्यांवर किरण पडले की दहा-बारा दिवसांनी उमलणाऱ्या फुलांत त्या केसांतल्या काही पेशी गुलाबी निघतात. त्या गुलाबी पेशी मोजून हवेतल्या अगदी थोड्या किरणोत्सर्गाचा अंदाज करता येतो. शोभेचे झाड असे पहारेकरीही होते.

ही सारी विद्या शोभेपुरती नाही, हेही सांगितले पाहिजे. भाभा केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला 'टीएयू-१' हा उडीद १९८५ पासून महाराष्ट्रात दूरवर पेरला गेला. भुईमुगाचा 'टीएजी-२४' हा वाण १९९१ चा. अमेरिकेत टेक्सासमध्ये किरण दिलेल्या बियांपासून 'स्टार रूबी' हे लाल गराचे ग्रेपफ्रूट १९७० साली प्रसृत झाले. ते मोसंबीच्याच कुळातले फळ. जगभरात या पद्धतीने मिळालेल्या जातींची संख्या तीन हजारांवर गेली आहे, आणि त्यांत शोभेच्या झाडांचा वाटा मोठा आहे.

मग जालन्याने काय करावे? आमच्या मते या जिल्ह्याजवळ जे आहे ते दुसरीकडे सहसा एकत्र सापडत नाही. बियाणे निवडण्याची, वेगळे राखण्याची आणि नोंद ठेवण्याची विद्या इथल्या शेकडो शेतकरी कुटुंबांच्या हातात आहे, कारण त्यांनी वर्षानुवर्षे कंपन्यांसाठी बीजोत्पादन केले आहे. ज्या बाईने कपाशीच्या एकेका कळीचे पुंकेसर काढून संकर केला, तिच्या नजरेतून हजार शेवंतीतली एक निराळी पाकळी सुटणार नाही. बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीचे विद्यापीठ दूर नाही. किरण तुर्भ्याला मिळू शकतात. पारखी डोळे मात्र इथे आहेत.

आणि या डोळ्यांची किंमत कोणाला मिळणार हा प्रश्न विचारल्यावाचून आम्हांला राहवत नाही. संकरित बियाण्यात शेतकऱ्याने मजुरी मिळविली; वाण मात्र दुसऱ्याच्या नावावर राहिला. तो व्यवहार ठरवून झालेला होता आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु फुलझाडांत वेळीच शहाणे होता येईल. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. त्यात शेतकऱ्याला आपला वाण आपल्या नावाने नोंदविता येतो. वाण इतरांहून वेगळा हवा, सर्व झाडांत सारखा हवा आणि पिढ्यानुपिढ्या तसाच टिकणारा हवा, या त्याच्या अटी आहेत. पाहा, या अटी म्हणजे आम्ही आतापर्यंत जे सांगत आलो तेच आहे: निवड, छाटणी, पुन्हा निवड आणि नोंद. दहा-बारा शेतकरी एकत्र आले, संशोधन केंद्राच्या सल्ल्याने काम केले आणि कोणाचा वाटा किती हे आधीच कागदावर लिहून ठेवले, तर चार-पाच वर्षांत कमी पाण्यावर तगणारी, दसऱ्याला हमखास फुलणारी एखादी जात जालन्याच्या नावाने निघणे अशक्य नाही. ती निघेलच असे वचन मात्र आम्ही देत नाही. असे वचन देणाऱ्यापासून सावध राहा, हेच तर आज सांगावयाचे आहे.

म्हणून कोणी 'अणु-बियाणे' घेऊन दारात आला तर त्याला चार प्रश्न विचारा. मूळ जात कोणती? किरण कोणत्या संस्थेत आणि किती मात्रेने दिले? नवा गुण किती पिढ्या टिकलेला पाहिला? आणि आपल्यासारख्या जमिनीत, आपल्यासारख्या पाण्यावर तो कुठे लावून पाहिला? या चारांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत त्याचे बियाणे दोन वाफ्यांत लावून पाहावे. ज्याच्याकडे नाहीत त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

बंधुभगिनींनो, किरण डोळस नसतात. कोणत्या पेशीत शिरावे, काय मोडावे, हे त्यांना कळत नाही. हजार झाडांत ते हजार तऱ्हेच्या खोड्या करतात आणि निघून जातात. त्यांतली एक खोडी गुण आहे हे ओळखणारा माणूसच असतो. ती ओळख ज्याची असेल त्याच्या पदरात तिचे फळ पडावे, एवढी व्यवस्था आपण केली तर अणूच्या शक्तीचे भय थोडे कमी होईल आणि तिचा उपयोग थोडा वाढेल.